चौऱ्याण्णववर अडलेली तार

घरात फायबर आलं, ३०० एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे भरले, टीव्हीशेजारी छोटासा मिनी पीसी ठेवला, भिंतीतल्या जॅकमधून त्याला वायरही जोडली. आणि वेग तपासला तर ९४. त्याच खोलीत हातातला मोबाइल वायफायवर २८० दाखवतो. घरातले म्हणतात, वायरीपेक्षा वायफाय बरं. ऑपरेटरला फोन केला की तो म्हणतो, आमच्याकडून वेग पूर्ण येतोय, तुमच्या पीसीतच दोष असेल. पीसी विकणारा म्हणतो, नेट स्लो असेल. मग कोणीतरी सुचवतं, ५०० चा प्लॅन घ्या. तोही घेतला जातो, आणि आकडा ९४ वरून हलत नाही.

अशी घरं, दुकानं, वाचनालयं मी पाहिली आहेत. न मिळणाऱ्या वेगाचे पैसे माणसं वर्षानुवर्षं भरत राहतात आणि दोष असतो हाताच्या अंतरावर. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

दोष शोधायचा कसा, यावर मात्र जाणकारांतच दोन तट आहेत. एक म्हणतो, आधी मोजा, लिहून ठेवा, मग हात लावा. दुसरा म्हणतो, एकेक वस्तू बदलून बघा, उत्तर आपसूक हाती येतं. हे दोन तट इथे मी दोन माणसांच्या तोंडी दिले आहेत. मामा दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले, रत्नागिरीत राहणारे. त्यांची सगळी नोकरी एक्स्चेंज आणि केबलच्या जोड्यांत गेली. भाची पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. मिनी पीसी मामांचा, त्यावर लिनक्स घातलंय भाचीने.

भाची : मामा, माझ्या बॅगेत दोन मीटरची चांगली पॅच कॉर्ड आहे. पीसी उचलते, राऊटरपाशी नेते आणि थेट जोडून बघते. वेग आला तर भिंतीतली वायर दोषी, नाही आला तर पीसी. पाच मिनिटांत निकाल लागेल.

मामा : थांब जरा. काहीही उपटायच्या आधी आकडा बघ. ९४. सकाळी बघा, रात्री नऊला बघा, पावसात बघा, ९४ च. ऑपरेटरकडे गर्दी असती तर रात्री पडला असता आणि पहाटे वर गेला असता. वायफाय असतं तर दार लावलं तरी बदलला असता. हा आकडा हलत नाही म्हणजे तो वर कशाला तरी टेकलाय.

भाची : १०० च्या लिंकला टेकलाय, हे मलाही दिसतंय.

मामा : मग ९४ कुठून आला तेही बघ. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइटचं पॅकेट बसतं. त्याच्या पुढेमागे पत्ते, तपासणीचे बाइट, दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा, असं मिळून तारेवर १५३८ बाइटांचा वेळ जातो. त्या १५०० मधूनही टीसीपी-आयपीची शीर्षकं वजा केली की तुझ्या कामाचे उरतात १४४८ किंवा १४६०. भागाकार कर. ९४ टक्के, फार तर ९५. म्हणजे तार मंद नाही, ती पूर्ण ताकदीने धावतेय, फक्त १०० च्या हिशेबाने. ९४ दिसले की मला दोष कुठल्या मजल्यावर आहे ते कळतं.

(हेच दुखणं फाइल कॉपी करताना वेगळ्या आकड्यात दिसतं. तिथे वेग मेगाबिटांत नसून मेगाबाइटांत असतो, आठाने भागलेला. घरातल्या दुसऱ्या संगणकावरून सिनेमा आणताना काटा ११ च्या आसपास चिकटून बसला असेल तर तो हाच दोष आहे.)

भाची : पण मामा, एका आकड्यावर इतका विश्वास टाकू नये. ब्राउझरमधली चाचणी एका तारेची नसते. तिच्यात दूरचा सर्व्हर येतो, मधला रस्ता येतो, तुमचा राऊटर येतो, पीसीचा प्रोसेसर येतो. जुन्या स्वस्त मिनी पीसीचा प्रोसेसर ती चाचणी चालवतानाच दमतो आणि आकडा खाली येतो, तारेचा काही संबंध नसताना. रास्पबेरी पायचंच घ्या. २०१८ साली ३बी प्लस आला. त्यावर गिगाबिटचा पोर्ट. लिंक विचारली तर १००० सांगणार. पण तो पोर्ट आतून यूएसबी २ च्या वाटेने प्रोसेसरला जोडलेला, त्यामुळे कमाल ३०० च्या आसपास. बनवणाऱ्यांनीच तसं जाहीर केलं होतं. २०१९ च्या पाय ४ मध्ये ती अडचण गेली. आता ३बी प्लसवाल्याने वायर बदलली, राऊटर बदलला, प्लॅन बदलला, तरी काय होणार?

मामा : काही होणार नाही. आणि तो ३०० चा आकडाही तसाच ठाम राहणार. मी तेच म्हणतोय. शंभराखाली टेकला तर लिंक, तीनशेच्या आसपास टेकला तर यूएसबी २, वेळेप्रमाणे हलला तर ऑपरेटर. आकडाच दोषाचा पत्ता सांगतो.

भाची : पत्ता सांगतो, पण घर नाही सांगत. १०० ची लिंक का झाली, याची निदान तीन कारणं असू शकतात. राऊटरचा पोर्टच १०० चा असेल. पीसीचा पोर्ट १०० चा असेल. किंवा दोन्ही चांगले आणि मधली वायर वाईट असेल. ९४ हा आकडा तिन्हींत सारखाच.

इथे भाचीचा मुद्दा बिनतोड आहे, आणि आपल्याकडे तो फार महत्त्वाचा आहे. ऑपरेटर बसवून देतात त्या पेटीचं वायफाय दोन बँडचं असतं, सहज ३०० देतं, पण मागच्या लॅन पोर्टांपैकी एकच गिगाबिटचा आणि बाकीचे १०० चे, अशी पुष्कळ मॉडेलं आहेत. काहींत तर सगळेच १०० चे. तिथे मोबाइल वायरवाल्या पीसीला मागे टाकणारच, त्यात कोणाचा बिघाड नाही. पेटी उलटी करून लेबल वाचलं तर जीई म्हणजे गिगाबिट आणि एफई म्हणजे १०० चा, हे तिथेच छापलेलं सापडतं. वायर एफईमधून काढून जीईमध्ये घातली आणि काम झालं, असंही घडतं. मामांनी ते आधीच पाहिलं होतं. त्यांची वायर लॅन १ मध्ये, म्हणजे गिगाबिटच्या पोर्टात होती.

भाची : बरं, मग पीसीलाच विचारू. ही बघा ईथटूलची कमांड. नुसता वेग कळत नाही यात, दोन याद्या येतात. एक, आमचा पोर्ट काय काय देऊ शकतो. दुसरी, समोरचा काय काय देऊ म्हणतोय. आपल्या यादीत १००, १०००, २५०० आहेत, कारण या पीसीत रिअलटेकची अडीच गिगाबिटची चिप आहे. समोरच्याच्या यादीत १०० आणि १०००. दोघांनीही १००० कबूल केलंय, आणि खाली स्पीड लिहिलाय १००.

मामा : म्हणजे सोयरीक ठरली आणि लग्न झालं नाही.

भाची : आणि कर्नेलच्या नोंदीत ही ओळ आहे. ठरलेल्या १ गिगाबिटवरून १०० वर उतरलो, केबल तपासा. मामा, तारेकडे बोट मशीननेच दाखवलं.

मामा : हे मला आवडलं. आमच्या वेळी असं सांगणारं कोणी नव्हतं, मेगर लावून एकेक जोडी बघायला लागायची. आता ते असं का होतं तेही ऐक. १०० एमबीपीएसला चारांपैकी दोनच जोड्या लागतात, आरजे-४५ च्या १-२ आणि ३-६ या पिना. आपण काय देऊ शकतो हे दोन यंत्रं एकमेकांना याच पिनांवरून कळवतात. निळी जोडी ४-५ वर आणि तपकिरी ७-८ वर, त्या बोलणीत नसतातच. पण १९९९ साली तांब्याच्या तारेवर गिगाबिटचं मानक आलं, त्यात चारही जोड्या लागतात. प्रत्येक जोडीवर २५० मेगाबिट, आणि तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी.

भाची : एकाच जोडीवर बोलणं आणि ऐकणं, एकाच वेळी.

मामा : आमच्या टेलिफोनने तेच केलं शंभर वर्षं. दोन तारांवर दोन्हीकडची माणसं बोलतात आणि आपलाच आवाज आपल्याला मोठ्याने ऐकू येत नाही, कारण फोनच्या आत हायब्रिड असतं, ते आपला आवाज वजा करतं. गिगाबिटच्या चिपमध्ये तसंच हायब्रिड आहे, नावही तेच. पण वजाबाकी नीट व्हायची तर जोडी शुद्ध पाहिजे. एखादी जोडी तुटली, गंजली, सैल झाली की १-२ आणि ३-६ वर बोलणी ठरतात, मग चारही जोड्यांवर सुरुवात करायला जावं तर तपकिरीवर उत्तरच येत नाही. शहाणी चिप दोन-चारदा प्रयत्न करून १०० वर उतरते. तेवढी शहाणी नसेल तर लिंक येते-जाते, येते-जाते. म्हणून म्हणतो, निळी किंवा तपकिरी.

भाची : ऑपरेटरच्या माणसाने टेस्टर लावला होता ना? आठही दिवे लागले म्हणाला.

मामा : तो दिव्यांचा टेस्टर एवढंच सांगतो की या टोकाची १ नंबरची तार त्या टोकाच्या १ नंबरला पोचते. कशी पोचते ते सांगत नाही. तार केसाएवढी चिकटलेली असली तरी दिवा लागतो. आणि याहून वाईट एक प्रकार आहे. काही जण रंगांचं मानक न बघता दोन्ही टोकांना सरळ जोडीमागे जोडी लावतात, १-२, ३-४, ५-६, ७-८. आठही दिवे झकास लागतात. पण ३ आणि ६ वर एकाच जोडीच्या, एकमेकींना पीळ घातलेल्या तारा पाहिजेत. इथे ३ एका जोडीतली आणि ६ दुसरीतली. पीळ मोडला की शेजारची बडबड आत शिरते. असा फॉल्ट दिव्यांनी कधीच सापडत नाही.

भाची : म्हणूनच माझी पद्धत बरी. पॅच कॉर्डने थेट जोडा. केबल दोषी की नाही हे एका फटक्यात कळेल. पिळाची, हायब्रिडची माहिती नसलेल्या माणसालाही हे जमतं. दुकानदाराला, शाळेतल्या शिक्षकाला तुम्ही जोड्यांचा पाठ कधी देणार?

मामा : पद्धत चांगली आहे, उतावीळ आहे एवढंच. सैल जॅकमधून प्लग उपटून परत घातलास की घासला जाऊन तो काही दिवस नीट चालतो. तू म्हणशील, झालं. पंधरा दिवसांनी परत ९४, आणि तेव्हा तू पुण्याला. दोष होता तो पुरावाही गेला. एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिली शिस्त हीच होती. लाइन जशी आहे तशी मोजायची, वहीत उतरवायची, मग जंपरला हात लावायचा. हात लावल्याने फॉल्ट हलतो.

भाची : आणि नुसतं मोजत बसल्याने फॉल्ट तिथेच राहतो. सर्व्हर बंद असतो तेव्हा मला वही उघडायला वेळ नसतो. हजार माणसं खोळंबलेली असतात. मी दुसरं मशीन लावते, काम सुरू करते, आणि दोष नंतर शांतपणे शोधते.

मामा : तुझ्याकडे दुसरं मशीन तयार असतं, मागे वेळ मिळतो. या घरात दुसरं काय आहे? एक पीसी, एक वायर, एक पेटी.

या जागी माझं मत मामांकडे झुकतं, पण सगळं नाही. घरातल्या माणसाने आधी लिहून ठेवावं: लिंक किती, वेग किती, कुठल्या पोर्टात वायर आहे. एवढं लिहायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो. आणि ते झालं की लगेच भाचीची पॅच कॉर्ड. कारण मोजून कळतं ते संशयापुरतं; निकाल लागतो तो वस्तू बदलल्यावरच.

तसंच केलं. पीसी राऊटरजवळ नेला, दोन मीटरच्या कॉर्डने जोडला. लिंक १०००. वेग २८५. त्यावरही भाचीचं समाधान झालं नाही. तिने राऊटरच्या दुसऱ्या पोर्टात आपला लॅपटॉप लावायचं म्हटलं, पण दुसरा पोर्ट १०० चा. तेव्हा लॅपटॉप आणि पीसी थेट एकमेकांना जोडले, दोघांना हाताने आयपी पत्ते दिले आणि आयपर्फ३ चालवलं. यात ऑपरेटर नाही, ब्राउझर नाही, दूरचा सर्व्हर नाही. एका टोकाने डेटा ओतायचा आणि दुसऱ्याने मोजायचा. ९४१. मग कमांडला वजा-आर लावून उलट्या दिशेने. तेही ९४०. पीसी निर्दोष सुटला.

उरली भिंत. मामांनी जॅकच्या प्लेटचे दोन स्क्रू काढले आणि जॅक बाहेर ओढला. मागे तारा दाबलेल्या होत्या. नारिंगी आणि हिरवी जोडी बरी. निळीही बरी. तपकिरीचं टोक फिकट पांढुरक्या भुकटीने माखलेलं, आणि पांढरी-तपकिरी तार खाचेत नुसती टेकलेली, बोट लावताच बाहेर आली. चारही जोड्यांचे पीळ वीतभर उलगडून ठेवलेले.

भाची : समुद्राची हवा.

मामा : हवा तर आहेच. पण तांबं असं पांढरं पडत नाही, तांब्याला हिरवट रंग चढतो. ब्लेड दे. (तार खरवडतात) बघ, वर लालसर, आत रुपेरी. ॲल्युमिनियम आहे हे, वर तांब्याचा मुलामा दिलेलं. बाजारात सीसीए म्हणतात. अर्ध्या किमतीत मिळतं, आणि खोक्यावर कॅट ६ छापलेलं असतं. खरं तर नेटवर्क केबलच्या मानकात याला जागाच नाही, तिथे तार घन तांब्याचीच सांगितली आहे. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, वाकवलं की लवकर तुटतं, आणि जॅकच्या खाचेत दाबल्यावर उघडं पडलं की दमट हवेत त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. तो थर वीज वाहू देत नाही. घर बांधताना चार पैसे वाचले आणि तार कायमची भिंतीत गाडली गेली.

मामांनी क्रोन टूल आणलं, दोन इंच केबल कापून ताजी टोकं काढली, पीळ होता तसा ठेवून आठही तारा नव्या जॅकमध्ये बसवल्या. राऊटरच्या टोकाचा प्लगही कापून नवा क्रिम्प केला. लिंक १००० वर आली.

भाची : मान्य, तारच होती. पण मामा, दर वेळी तार म्हणायची सवय लागली तर फसाल. माझ्याकडे उलटी उदाहरणं आहेत. इंटेलची आय२२५-व्ही ही अडीच गिगाबिटची चिप २०२० च्या सुमाराला मदरबोर्डांवर आली, मिनी पीसींतही आली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष चिपमध्येच होता. दोन फ्रेममध्ये ठेवायची मोकळी जागा नीट सांभाळली जात नव्हती. काही राऊटर आणि स्विचांबरोबर २.५ वर पॅकेटं गळायची आणि वेग कोसळायचा. इंटेलने ते कबूल केलं, पुढच्या आवृत्तीत सुधारलं. तोवर उपाय काय, तर लिंक १ गिगाबिटवर खाली आणा. तिथे लिंक २५०० दाखवत होती, केबल उत्तम होती, जॅक उत्तम होता. तुमची वही काय सांगणार?

मामा : त्रुटींचे आकडे सांगतील. पॅकेटं गळाली की कुठेतरी मोजली जातात.

भाची : कुठे गळाली ते कळेल, का ते नाही कळणार. मोठ्या संगणकात कार्ड काढून दुसरं घालता येतं. मिनी पीसीत चिप बोर्डावरच सोल्डर केलेली. तिथे मी काय करते सांगू? यूएसबी ३ चा गिगाबिट ॲडॉप्टर लावते. त्यावरून वेग पूर्ण आला तर बोर्डावरचा पोर्ट किंवा त्याचा ड्रायव्हर दोषी, विषय संपला. हे बदलून बघणंच आहे. फक्त ॲडॉप्टर बघून घ्यावा लागतो, स्वस्तातले पुष्कळ यूएसबी २ चे असतात आणि त्यांतले कित्येक १०० चेच.

मामा : आणि ड्रायव्हर म्हणजे?

भाची : रिअलटेकच्या चिपांना लिनक्समध्ये एक ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येतो, एक कंपनीचा वेगळा मिळतो. एखाद्या मशीनवर एक रडतो आणि दुसरा धावतो. शिवाय मिनी पीसी म्हणजे आतून लॅपटॉपच. वीज वाचवण्याचे सगळे पर्याय चालू करून येतो. २०१० साली इथरनेटमध्येही वीजबचतीचं मानक आलं. रहदारी नसली की पोर्ट डुलकी घेतो. दोन्ही टोकांचं जमलं तर छान. नाही जमलं तर झोपेतून उठताना अडखळतो, लिंक क्षणभर तुटते, व्हिडिओ कॉल गोठतो. ईथटूलने ते बंद करता येतं, विंडोजमध्ये ॲडॉप्टरच्या ॲडव्हान्स्ड यादीत एनर्जी एफिशियंट इथरनेट म्हणून सापडतं. तारेला हात न लावता दुखणं गेलेली मशीनं आहेत माझ्याकडे.

मामा : हे मला नवीन आहे. आमच्या लाइनीला झोप माहीत नव्हती.

भाची : आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर १९८६ चं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ, मधे अंतर ४०० यार्ड. ऑक्टोबरमध्ये त्या दोघांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर पडला. हजार नाही, नुसते ४०. तार जशीच्या तशी होती. दोष संगणकांच्या वागण्यात होता. गर्दी झाली की पॅकेटं हरवायची, हरवली की प्रत्येक जण ती पुन्हा पाठवायचा, त्याने गर्दी आणखी वाढायची. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी टीसीपीचा पाठवण्याचा वेग गर्दीप्रमाणे कमी-जास्त होईल असं केलं, १९८८ साली त्यावर निबंध आला. आजचं इंटरनेट त्याच्यावर उभं आहे. आणि तो उपाय सॉफ्टवेअरचा होता, मामा.

मामा : उपाय सॉफ्टवेअरचा, पण शोध कसा लागला? जेकबसनने एकेका पॅकेटची वेळ टिपली, आलेख काढले. कुठलं पॅकेट कधी गेलं, कधी पुन्हा गेलं. त्याने चारशे यार्डांची तार बदलून बघितली असती तर काय मिळालं असतं? तुझं उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देतंय.

भाची : टिपल्यावर त्याने कोड बदलला आणि फरक पाहिला. बदलल्याशिवाय सिद्ध कसं झालं असतं?

हा वाद इथे मिटत नाही, आणि मिटावा असं मलाही वाटत नाही. एका गोष्टीवर मात्र दोघांचं चटकन एकमत झालं, आणि ती सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. वेग कमी येतो म्हटलं की ओळखीतला कोणीतरी सांगतो, ॲडॉप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पीड आणि डुप्लेक्स हाताने १०० फुल करून टाक. कृपा करून करू नका. एका टोकाने बोलणी बंद केली की समोरच्याला वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही. मानकाप्रमाणे तो हाफ, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं, असं धरतो. मग एक जण वाट्टेल तेव्हा बोलतो, आणि दुसरा समोरचा गप्प होण्याची वाट पाहतो, मधेच टक्कर झाली म्हणून थांबतो. पिंग केलं तर उत्तम. साधं पान उघडलं तर उघडतं. मोठी फाइल लावली की रांगायला लागते. मामांनी आणि भाचीने दोघांनीही असे फॉल्ट शोधण्यात रात्री घालवल्या आहेत. ते सेटिंग ऑटोवरच ठेवावं. गिगाबिटला तर ही बोलणी सक्तीचीच आहेत.

भाची : आता पुढचं बघू. जॅक बदलला, पण भिंतीतली केबल तीच आहे. मी ईथटूलचे त्रुटींचे आकडे लिहून ठेवते. महिन्याने परत बघू. वाढले नसतील तर भिंतीला हात लावायची गरज नाही.

मामा : महिन्याने पाऊस सुरू असेल. दमट हवेत ही तार पुन्हा पांढरी पडणार. मी आत्ताच नवी ओढतो. जुनी केबल आहेच, तिच्या टोकाला नवी बांधली की पाइपातून सरळ येईल.

भाची : पाइपात अजून काय आहे ते बघितलंत? या स्विचबोर्डची वायर त्याच पाइपातून गेलीय. दोनशेतीस व्होल्टच्या शेजारून डेटा केबल. ती बाहेरच काढा. छताखालून वेगळी पीव्हीसी पट्टी मारू. दिसेल जरा, पण बदलायची झाली तर भिंत फोडायला नको.

मामा : हे बरोबर. विजेची आणि फोनची तार एका पाइपात आम्हीही कधी घालू दिली नाही. आणि गच्चीवरून बाहेर काढायची नाही, वळवाच्या विजांनी पोर्ट जळतात. आतूनच ने.

भाची : किती लागेल?

मामा : पंधरा मीटर पुरे, पण वीस आण. दुकानात खोक्यावरचं वाचू नकोस, एक टोक कापून मागून घे आणि ब्लेडने खरवड. आतपर्यंत लाल असेल तरच घे. दोन्ही टोकांना रंगांचं मानक एकच, टी५६८बी. आणि जॅकमध्ये बसवताना पीळ अर्ध्या इंचाच्या वर उलगडू नकोस.